व्हायकिंग सूडपटांतली अस्सलता : ढाल खरी, होडी खरी, पण सूड खरा का?

उत्खननप्रेमी (धागाकर्ता)

(सूचना : या धाग्यात ‘द नॉर्थमन’चा शेवट उघड केला आहे. चित्रपट पाहायचा राहिला असेल त्यांनी आपल्या जबाबदारीवर वाचावे.)

रॉबर्ट एगर्स यांचा ‘द नॉर्थमन’ २०२२ साली चित्रपटगृहात पाहिला होता, गेल्या शनिवारी घरी पुन्हा पाहिला. बापाचा खून डोळ्यांदेखत झालेला राजपुत्र आम्लेथ मोठा होतो, गुलामाचे सोंग घेऊन काकाच्या आइसलँडमधल्या शेतावर पोहोचतो आणि सूड उगवतो, एवढीच कथा आहे. चित्रपटाला सात ते नऊ कोटी डॉलर लागल्याचे त्या वेळी छापून आले होते, आणि त्यातला बराच पैसा वस्तू अस्सल दिसाव्यात यासाठी गेला हे पडद्यावर जाणवते. स्वीडनमधल्या उप्सालाचे पुरातत्त्वज्ञ नील प्राइस सल्लागार होते आणि पटकथेत आइसलँडचे कवी स्योन यांचा हात होता. लुटारूंच्या टोळीत कोणाच्याही डोक्यावर शिंगे नाहीत, घरे गवताळ मातीच्या भिंतींची आहेत, होड्या फळीवर फळी चढवून बांधलेल्या आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. प्रेक्षकांपैकी हजारात एकालाही जी चूक दाखवता येणार नाही, ती टाळण्यासाठी एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का? आणि दुसरा, मला अधिक छळणारा : ही अस्सलता नेमकी कोणत्या काळाची? चित्रपट इसवी सन ८९५ मध्ये सुरू होतो. आम्लेथची कथा डेन्मार्कच्या सॅक्सो ग्रामाटिकसने सुमारे १२०० साली लॅटिनमध्ये लिहिली. आइसलँडमधले प्रसंग ज्या सागांमधून (तिथल्या जुन्या गद्य वीरकथांमधून) उचलले आहेत, त्या बहुतांशी तेराव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी लिहिल्या. वस्तू नवव्या शतकाच्या आणि मने तेराव्या शतकाची, असे तर झाले नाही ना?


मिश्किल_आजोबा

नायकाचे नाव आम्लेथ असल्याचे वाचून आमच्या घरात सकाळी सकाळी अंडी फोडली गेली. बाकी चर्चा आपण विद्वान मंडळींनी करावी.


चित्रपटवेडी

शिंगांचा विषय निघणारच होता, म्हणून आधीच निकालात काढते. शिंगांची शिरस्त्राणे लोकांच्या डोक्यात बसली ती १८७६ साली बायरॉइथला झालेल्या वाग्नरच्या संगीत-नाट्यमालिकेतल्या वेषभूषेमुळे. ती कार्ल एमिल डोप्लर या चित्रकाराने केली होती. व्हायकिंग काळातले बऱ्यापैकी पूर्ण सापडलेले शिरस्त्राण नॉर्वेतल्या येर्मुंडब्यूचे. ते १९४३ साली मिळाले, आणि त्याला चष्म्यासारखी लोखंडी चौकट आहे, शिंगे नाहीत.

आता मूळ मुद्दा. अचूकता हजारातल्या एकासाठी नसते. कापड जाड आणि जड असले की नट निराळा चालतो, खोलीत धूर कोंडलेला असला की निराळा बोलतो. ते प्रेक्षकाला कळत नसले तरी अंगाला लागते.


कोपनहेगनकर

शिंगांचे प्रकरण इतके सरळ नाही. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात वेक्सो गावाजवळच्या दलदलीत १९४२ साली सापडलेली दोन काशाची शिरस्त्राणे आहेत, आणि त्यांना चांगली लांब, वळणदार शिंगे आहेत. मात्र ती इसवी सनापूर्वी ९०० च्या सुमाराची, म्हणजे व्हायकिंगांच्याही सतराशे-अठराशे वर्षे आधीची. शिवाय स्वीडनच्या ओलांड बेटावर टोर्सलुंडा इथे १८७० साली काशाचे साचे सापडले. ते सहाव्या-सातव्या शतकातले आहेत. त्यातल्या एकावर शिंगे लावून नाचणारा एक पुरुष आणि त्याच्या शेजारी लांडग्याचे कातडे पांघरलेला भालाईत कोरला आहे. ‘द नॉर्थमन’मध्ये लढाईच्या आदल्या रात्री जाळाभोवती माणसांचे लांडगे होतात, त्या प्रसंगाचे या साच्याशी नाते उघड आहे. म्हणजे शिंगे होती, पण विधीत होती आणि बरीच आधी होती, रणांगणावर नव्हती.

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो, कारण त्यासाठी सॅक्सो पुन्हा उघडावा लागेल.


ढालपट्टा

मी कोल्हापूरकडचा, मर्दानी खेळ लहानपणापासून खेळत आलो आहे, त्यामुळे माझी नजर आधी हातांकडे जाते. आपल्या ढालीला आतून दोन दोर आणि मुठीखाली गादी असते. व्हायकिंग ढाल याहून पार वेगळी. ८०-९० सेंटिमीटर व्यासाची, हलक्या लाकडाच्या पातळ फळ्यांची, मध्ये भोक, त्या भोकावर लोखंडी वाटी आणि वाटीमागे एकच आडवी मूठ. एका मित्राने हौसेने तशी ढाल करून घेतली होती. पाच मिनिटांत मनगट बोलू लागले, कारण कडेवर घाव बसला की पूर्ण ढाल मुठीभोवती फिरते. मग लक्षात आले की ती नुसती अडवण्यासाठी नाहीच. ती पुढे धरून समोरच्याच्या ढालीवर दाबायची आणि त्याचा हात बांधून टाकायचा, असे तिचे काम असावे.

म्हणून माझी तक्रार : एवढा पैसा ओतलेल्या सूडपटांमध्ये नायक ढालीशिवाय का लढतो? त्या काळाचे सर्वांत सामान्य शस्त्र भाला, आणि तलवार ही श्रीमंताची वस्तू. पडद्यावर मात्र जो तो तलवार परजत असतो. आम्लेथ वाडीवर चालून जातो तेव्हा उघड्या अंगाने, हातात कुऱ्हाड. तटबंदीवरून आलेला भाला हवेतच पकडून तो परत फेकतो, तेव्हा माझ्या शेजारचा माणूस हसला होता.


कोपनहेगनकर

ढालपट्टा, त्या माणसाला सांगा की हसण्याआधी ‘न्याल्स सागा’ वाचावी. तिच्यात गुन्नार नावाचा वीर अंगावर आलेला भाला हवेत पकडून उलट फेकतो. म्हणजे तो प्रसंग दिग्दर्शकाच्या मनचा नसून तेराव्या शतकातल्या लेखकाच्या मनचा आहे. असे घडू शकते का, हा प्रश्न राहतोच; पण ‘व्हायकिंगांच्या नातवंडांना आपल्या आजोबांबद्दल असे ऐकायला आवडत होते’ एवढे मात्र खरे. याचे जुने उदाहरण १९५८ सालच्या ‘द व्हायकिंग्ज’मध्ये आहे. कर्क डग्लस चालत्या होडीच्या बाहेर, वल्ह्यांवरून पावले टाकत जातो, तो प्रसंग निव्वळ हॉलिवूडचा थिल्लरपणा वाटतो. पण ओलाफ ट्रिग्वासन या राजाबद्दल हीच गोष्ट ‘हाइम्सक्रिंग्ला’ या नॉर्वेच्या राजांच्या जुन्या चरित्रग्रंथात लिहिलेली आहे. उलट त्याच चित्रपटात नवव्या शतकातल्या इंग्लंडचा म्हणून दाखवलेला किल्ला फ्रान्समधल्या ब्रिटनीचा, चौदाव्या शतकातला आहे, आणि त्यावर कोणी हसत नाही.


मिश्किल_आजोबा

म्हणजे वल्ह्यांवरची कसरत खरी आणि दगडी किल्ला खोटा. बरे झाले, आयुष्यभर उलटेच समजत होतो.


सुतकताई

मी लोकरीचे काम करते, घोंगडीच्या मागावर दहा-बारा वर्षे गेली आहेत, म्हणून या चित्रपटातले कपडे मी थांबवून थांबवून पाहिले. दूरचित्रवाणीवरच्या व्हायकिंग मालिकांत पुरुषांना काळ्या चामड्याच्या विजारी आणि खिळे ठोकलेली जाकिटे घालतात. मोटारसायकलवाल्यांची टोळी वाटते ती. ‘द नॉर्थमन’मध्ये तसे नाही. लोकर आणि लिनन दिसते, शिवण हाताची आहे आणि कपडा जिथे झिजायचा तिथेच झिजला आहे.

तरी एक गोष्ट खटकली. सगळे राखाडी-तपकिरी का? निळ्यासाठी नीळ देणारी वोड ही वनस्पती आणि तांबड्यासाठी मंजिष्ठेच्या जातीची मुळी, हे रंग त्यांना उत्तम ठाऊक होते. नॉर्वेतल्या गोकस्टाड इथे १८८० साली उत्खननात मिळालेल्या होडीच्या दोन्ही बाजूंना मिळून ६४ ढाली होत्या, आणि त्या एकआड एक पिवळ्या व काळ्या रंगवलेल्या होत्या. रंगाची एवढी हौस असलेली माणसे पडद्यावर आली की चिखलाच्या रंगाची होतात, कारण चिखल म्हणजे वास्तव असा छायाचित्रणाचा आजचा संकेत आहे. हा संकेत दहाव्या शतकाचा नाही, आपला आहे.

आणि शिडे! होडीचे शीड लोकरीचे असे. मेंढीची बाहेरची लांब राठ लोकर आणि आतली मऊ लोकर वेगळी करायची, विंचरायची, टकळीवर कातायची, उभ्या मागाला दगडी वजने टांगून विणायची आणि शेवटी वारा अडावा म्हणून चरबी किंवा डांबर माखायचे. होडी बांधणाऱ्या सुतारांपेक्षा शीड विणणाऱ्या बायांचे दिवस जास्त लागत असावेत असा माझा हिशेब आहे. कोणत्याही सूडपटात हा माग मला दोन सेकंदांहून अधिक दिसलेला नाही.


कोपनहेगनकर

सुतकताई, चिखलाच्या मुद्द्याला पुरवणी. शनिवारला आइसलँडच्या भाषेत आजही ‘लौगरदागुर’ म्हणतात, म्हणजे धुण्या-न्हाण्याचा वार. तेराव्या शतकातला एक इंग्रज बखरकार अशी तक्रार करतो की डेन लोक रोज केस विंचरतात आणि दर शनिवारी आंघोळ करतात, त्यामुळे आपल्या बायका त्यांच्यावर भाळतात. उत्खननात हरणांच्या शिंगांच्या फण्या ढिगाने सापडतात. हेडेबी या व्यापारी गावाला सुमारे ९६५ साली भेट देणाऱ्या अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधल्या) प्रवाशाने तर तिथले स्त्री-पुरुष दोघेही डोळ्यांत काजळ घालतात असे लिहून ठेवले आहे. त्यांचे गाणे कुत्र्यांच्या भुंकण्यापेक्षा वाईट असल्याचेही त्याने नोंदवले आहे, पण तो भाग वेगळा.


उत्खननप्रेमी

पण ९२२ साली व्होल्गाकाठी रुस लोकांना, म्हणजे पूर्वेकडच्या व्हायकिंगांना, भेटलेला अरब प्रवासी इब्न फदलान त्यांना देवाच्या सृष्टीतले सर्वांत गलिच्छ लोक म्हणतो. एकाच घंगाळातल्या पाण्यात सगळे तोंड धुतात आणि त्यातच नाक शिंकरतात, याचे त्याने किळस येईल असे वर्णन केले आहे. तेव्हा चिखलवाल्या दिग्दर्शकालाही साक्षीदार मिळतो आणि फणीवाल्यालाही. दोन्ही साक्षी बाहेरच्यांच्या आहेत, आणि दोघांनाही पाहुण्या नजरेने पाहायचे होते.


दगडधोंडे

आयुष्य दख्खनच्या बेसाल्टवर गेले, त्यामुळे शेवटच्या द्वंद्वाबद्दल बोलणे माझे कर्तव्य आहे. आम्लेथ आणि त्याचा काका फ्योल्निर हेक्ला ज्वालामुखीवर, वाहत्या लाव्ह्याच्या काठाशी, नागडे होऊन तलवारीने लढतात. वाहत्या लाव्ह्याचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास असते. त्या अंतरावर उघड्या कातडीने मिनिटभर उभे राहणेही जमणार नाही, लढणे तर दूरच. ते असो, चित्रपट आहे.

इतिहासाची अडचण त्याहून मोठी आहे. आइसलँडमध्ये वस्ती झाल्यानंतरचा हेक्लाचा पहिला उद्रेक ११०४ सालचा. चित्रपटातला काळ त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीचा, म्हणजे त्या पिढीसाठी हेक्ला बर्फाच्छादित, शांत डोंगर होता. आणि हेक्ला म्हणजे नरकाचे द्वार ही कल्पना पसरली ती बाराव्या शतकापासून, युरोपातल्या ख्रिस्ती मठांमधून. धागाकर्त्यांना ‘कोणत्या काळाची अस्सलता’ याचा नमुना हवा असेल तर हा घ्यावा : मूर्तिपूजक वीराला मरायला ख्रिस्ती साधूंच्या नरकाच्या दारात नेऊन उभे केले आहे.

भूदृश्याबद्दलही थोडे. चित्रीकरण बहुतांशी उत्तर आयर्लंडमध्ये झाले. पडद्यावर आइसलँड उघडाबोडका दिसतो, जसा तो आज आहे. पण आरी या बाराव्या शतकातल्या इतिहासकाराने लिहिले आहे की वसाहतीच्या वेळी डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये तिथे रान होते. बर्चची झाडी होती, ती माणसांनी तोडली आणि मेंढ्यांनी उगवू दिली नाही.


चित्रपटवेडी

दगडधोंडे, हे मान्य; पण द्वंद्वाची जागा बदलली असती तर तो शेवट राहिला असता का? लाल उजेडात दोन काळ्या आकृती, एवढेच चित्र मनात उरते. मी दिग्दर्शकाच्या बाजूने आहे.


कायद्याचे_बोला

मी वकील आहे, त्यातही दिवाणी. शेताच्या बांधावरून तीन-तीन पिढ्या चाललेले दावे पाहिले आहेत. त्यामुळे ढाल, कापड आणि लाव्हा यांत मला गती नाही. पण सूड हा माझ्या ओळखीचा विषय आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक तिथेच आहे.

या धाग्यामुळे ‘न्याल्स सागा’चे इंग्रजी भाषांतर काढून वाचले. अपेक्षा रक्तपाताची होती आणि हाती आले ते एका न्यायालयाचे कामकाज. न्याल आणि त्याचे कुटुंब घरासकट जाळले जाते. त्यानंतर मयताचे नातलग काय करतात? तलवार घेऊन धावत नाहीत. जखमांची रीतसर नोटीस देतात, शेजाऱ्यांना साक्षीला बोलावतात, आणि सगळे मिळून आल्थिंग या आइसलँडच्या सर्वोच्च सभेला जातात. आरोपींचा म्होरक्या फ्लोसी. त्याचा वकील एयॉल्फ, जो सोन्याचे कडे घेतल्यावर खटला चालवायला तयार झाला. हा एयॉल्फ फ्लोसीला सल्ला देतो की तुझी सरदारकी गुपचूप भावाच्या नावे कर आणि तू उत्तर विभागातल्या सरदाराच्या पदरी जा. फिर्याद पूर्व विभागाच्या न्यायालयात दाखल होते, आणि ऐन वेळी हा उठून सांगतो की या माणसावर तुमचा क्षेत्राधिकारच नाही! वाचताना मी खुर्चीतून उठलो. हा अर्ज आमच्या तालुक्याच्या न्यायालयात पंचवीस वर्षांपूर्वी माझ्याविरुद्ध एका ज्येष्ठाने केला होता, आणि मी असाच हरलो होतो.

पुढे फिर्यादी पक्ष वरच्या, पाचव्या न्यायालयात जातो. तिथे ४८ न्यायाधीश बसत, त्यांतले बारा वगळून ३६ जणांनी निकाल द्यायचा. विरोधी पक्षाने आपले सहा वगळले नाहीत तर तेही फिर्यादीनेच वगळायचे असतात. फिर्यादीचा माणूस ते विसरतो, निकालाला ४२ जण बसतात आणि खटला निकालात निघतो. या पक्षाचा खरा कायदेपंडित थोरहाल्ल पायाला गळू झाल्याने आपल्या राहुटीत पडून होता आणि निरोप्यांकरवी सल्ला देत होता. खटला बुडाल्याचे कळताच तो भाला उचलतो, आपल्याच पायातल्या गळवात खुपसतो, रक्त-पू वाहत असताना न लंगडता चालत न्यायालयापाशी जातो आणि समोर आलेल्या पहिल्या विरोधकाला ठार करतो. तिथून लढाई सुरू होते.

सूड असा असतो. आधी कागद, मग साक्षी, मग चांदीची भरपाई किती यावर घासाघीस, आणि ते सगळे फसल्यावर तलवार. ‘ग्रेत्तिस सागा’तली एक म्हण आहे : सूड लगेच घेतो तो गुलाम, कधीच घेत नाही तो भेकड. यातला मधला सगळा काळ, म्हणजे थांबण्याचा, मोजण्याचा, गावकऱ्यांच्या नजरा सहन करण्याचा काळ, एकाही सूडपटात दिसत नाही. पटांगणात बसून न्यायाधीश मोजणारी माणसे दाखवायला सात कोटी डॉलर कोणी देणार नाही, हे मला समजते. पण मग ‘अस्सल’ म्हणू नये.


ढालपट्टा

वकीलसाहेब, प्रतिसाद सुंदर. गळवाचा प्रसंग वाचून जेवण थांबले.


उत्खननप्रेमी

कायद्याचे_बोला यांच्या प्रतिसादाने धाग्याला दिशा मिळाली, तरी एक आक्षेप नोंदवतो. आल्थिंगची स्थापना ९३० ची. आम्लेथ तिथे पोहोचतो तेव्हा सभा भरतच नव्हती. शिवाय त्याने दाद कोणाकडे मागायची? चित्रपटात तो विकत आणलेला गुलाम आहे, आणि गुलामाला फिर्याद नसते. त्याला मारले तर धन्याला भरपाई मिळते, तीही मालमत्तेची म्हणून.

गुलामगिरीचे श्रेय मात्र मी या चित्रपटाला देईन. १९५८ च्या चित्रपटात व्हायकिंग म्हणजे दारू पिऊन हसणारे धाडसी खलाशी. इथे एक अख्खे गाव जाळून, म्हातारे-पोरे कोंडून, उरलेल्यांना बाजारात नेतात, आणि त्या हल्ल्यात आपला नायक सामील असतो. तो हल्ला पाहताना मला त्याच्या बाजूने राहणे जड गेले, आणि तसेच व्हायला हवे होते.


कोपनहेगनकर

इथेही एक बारीक गोम आहे. चित्रपटात गुलाम रुसांच्या प्रदेशातून, म्हणजे आजच्या युक्रेन-रशियाच्या बाजूने, थेट आइसलँडला जातात. प्रत्यक्षात आइसलँडकडे जाणारा प्रवाह मुख्यतः आयर्लंड-स्कॉटलंडकडून होता आणि डब्लिन हा त्याचा मोठा बाजार. आइसलँडच्या आजच्या लोकांची जनुके तपासली तेव्हा मूळ वसाहतकार पुरुष बहुतांशी स्कँडिनेव्हियाचे आणि स्त्रिया निम्म्याहून अधिक ब्रिटन-आयर्लंडच्या निघाल्या. नायिका आयरिश असती तर इतिहासाला अधिक धरून झाले असते.

आता सॅक्सो. त्याचा आम्लेथ शरीराने नव्हे, डोक्याने लढतो. तो वेडाचे सोंग घेतो, चुलीपाशी राखेत बसून लाकडी आकडे तासत राहतो. काय करतोस म्हणून विचारले तर बापाच्या सुडासाठी भाले करतो आहे असे खरेच सांगतो, आणि सगळे हसतात. वर्षभराने, त्याच्याच खोट्या श्राद्धाच्या मेजवानीत, दरबारी पिऊन पडल्यावर तो आईने विणलेला भिंतीवरचा पडदा त्यांच्यावर पाडतो, त्याच आकड्यांनी तो घट्ट बांधतो आणि दालन पेटवून देतो. काकाच्या खोलीत जाऊन त्याच्या उशाची तलवार उचलतो आणि तिच्या जागी आपली ठेवतो. आपली आधीच म्यानात खिळ्याने ठोकलेली आहे! काका जागा होऊन ती उपसत राहतो.

एवढी करामत हाताशी असताना चित्रपटाने स्नायू निवडले. सुतकताई, आईने विणलेला पडदा हेच शस्त्र होते, आणि तोही चित्रपटात नाही.


सुतकताई

हे मला ठाऊक नव्हते. आता मी खरीच रागावले आहे.


नाट्यपंढरी

मराठी वाचकांसाठी एक जोड. सॅक्सोची कथा फ्रेंचमार्गे इंग्लंडला गेली आणि तिचा ‘हॅम्लेट’ झाला. तो मराठीत आणला गोपाळ गणेश आगरकरांनी, १८८३ साली, ‘विकारविलसित’ या नावाने. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांत त्यांचे या भाषांतरावर काम चालू होते. एका संस्थानच्या राजाला छळून वेडे ठरवले जात आहे असे लिहिल्यावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा झालेला माणूस, तुरुंगात बसून, वेडाचे सोंग घेणाऱ्या राजपुत्राचे नाटक मराठीत उतरवतो आहे, हे मला कोणत्याही चित्रपटापेक्षा विलक्षण वाटते. कायद्याचे_बोला यांनी नोंद घ्यावी की इथेही आधी खटलाच होता.


मिश्किल_आजोबा

आता हा धागा आगरकर-टिळक वादाकडे वळण्याआधी कोणीतरी होडी फिरवावी. शीड लोकरीचे आहे, सावकाश.


चित्रपटवेडी

होडी फिरवते. धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे माझ्याकडे एक घरचे उत्तर आहे. चित्रपटात घोड्यावरून मृतांना घेऊन जाणारी वाल्किरी किंचाळते तेव्हा क्षणभर तिचे दात दिसतात. माझी मुलगी, वय सोळा, ताडकन म्हणाली, “आई, हिला ब्रेसेस आहेत! एवढी मोठी चूक कशी केली?” तिच्या स्वतःच्या तारा नुकत्याच निघाल्या आहेत, त्यामुळे तिची नजर तिथेच. आम्ही दोघींनी शोधले, तेव्हा कळले की व्हायकिंग काळातल्या काही कवट्यांच्या पुढच्या दातांवर कानशीने आडव्या खाचा पाडलेल्या आढळतात आणि त्यांत रंग भरत असावेत असा तर्क आहे. मुलीने ती रात्र गॉटलंड बेटावरच्या थडग्यांबद्दल वाचण्यात घालवली. हजारातल्या एकासाठी खर्च करावा का, तर आमच्या घरात ती एक निघाली.


उत्खननप्रेमी

उत्तर पटले, आणि त्याचबरोबर सांगायला जिवावर येते की अशा खाचा जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या दातांवर सापडल्या आहेत.


चित्रपटवेडी

मुलीला सांगितले. ती म्हणते, वाल्किरी रोज मेलेले पुरुषच उचलते, एखाद्याकडून शिकली असेल.


कायद्याचे_बोला

पुरावा अग्राह्य, पण युक्तिवाद चांगला आहे. मुलीला वकिलीला घाला.


ढालपट्टा

मी परवा पुन्हा पाहिला, या वेळी थडग्यातल्या मृत योद्ध्याशी झुंज होते तेवढा भाग तीनदा. झुंज संपल्यावर पुन्हा दिसते की मृत आपल्या जागी बसलेला आहे आणि आम्लेथ नुसती तलवार काढून घेतो. म्हणजे लढाई झाली की नाही हे सांगितलेलेच नाही. माझी पहिली तक्रार थोडी मागे घेतो : ज्याने ती झुंज मनात लढली, तो ढालीशिवायच लढला असेल.


कोपनहेगनकर

त्या प्रसंगाची मूळ जागाही ‘ग्रेत्तिस सागा’. तिथे ग्रेत्तिर हा नायक थडग्यातल्या ‘कार’ नावाच्या मृताचे मुंडके कापून त्याच्याच ढुंगणापाशी ठेवतो, म्हणजे तो पुन्हा उठत नाही. लिहिणाऱ्याला मात्र ती झुंज खरीच झाली याबद्दल शंका नव्हती. मनातली की खरी, हा संशय एकविसाव्या शतकाचा आहे. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाच्या यादीत हाही काळ धरावा.

सॅक्सो म्हणतो की आम्लेथला डेन्मार्कच्या जटलंडमध्ये एका माळावर पुरले. रँडर्सजवळ आम्मेलहेडे नावाची जागा आहे आणि तिथे एक स्मारकशिला उभी केली आहे. पुढच्या महिन्यात त्या बाजूला जाणार आहे.


सुतकताई

गेलात तर वाटेत कोणत्याही संग्रहालयात उभ्या मागाचे वजन दिसले की माझ्यासाठी फोटो काढा. भोकाच्या आतली कड जवळून हवी. दोर कुठे घासला आहे ते मला पाहायचे आहे.


कोपनहेगनकर

काढतो. शेजारी माप म्हणून नाणे ठेवता येणार नाही, काचेच्या आत असते. पाटीवर आकार दिलेला असेल तर तोही टिपून आणतो.